मृडानी ते मिलिंद : पाळण्यात ठेवण्याजोगी नवलाची नावं

बारसं जवळ आलं की घरात एकच गडबड उडते. आत्या नावांची यादी धाडते, मुंबईचा काका दुसरी यादी धाडतो आणि सगळ्यांची अट एकच असते: नाव वेगळं हवं, अख्ख्या वाडीत दुसऱ्या कुणाचं नसलेलं. मग मोबाइलवर शोधाशोध होते आणि तीच दहा-बारा नावं फिरून फिरून समोर येतात. राजापूरकरांना खरं तर इतकं लांब जायची गरज नाही. अर्जुनेच्या काठापासून कशेळीच्या समुद्रापर्यंत आणि पावसाच्या नक्षत्रांपासून पणजीच्या नावापर्यंत कितीतरी नावं आपल्या अवतीभोवती आहेत. त्यांच्या पोटात काय काय गोष्टी दडल्यात, ते बघू या.

राजापूरची नदी आणि अर्जेंटिना

राजापूर शहर वसलंय अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या काठी. पावसाचा जोर वाढला की या नद्या थेट बाजारपेठेत, जवाहर चौकात येतात. यातली अर्जुना ऐकली की महाभारतातला धनुर्धर आठवतो, पण 'अर्जुन' या शब्दाचा मूळ अर्थ आहे पांढराशुभ्र, लखलखीत, चांदीसारखा. अर्जुनवृक्षाला ते नाव मिळालं ते त्याच्या फिकट, गुळगुळीत सालीमुळे. लॅटिनमध्ये चांदीला 'अर्जेंटम' म्हणतात, तो शब्दही याच कुळातला, आणि त्यावरूनच अर्जेंटिना देशाचं नाव पडलं. म्हणजे आपली अर्जुना आणि मेस्सीचा देश ही नावाच्या नात्यानं भावंडं! मुलीसाठी 'अर्जुना' सुंदर आहेच; 'अर्जुनी'ही आहे. ऋग्वेदात फल्गुनी नक्षत्राला अर्जुनी म्हटलंय.

मृडानी: पाणिनीनं नोंदवलेलं नाव

धोपेश्वरला धूतपापेश्वराचं देऊळ आहे. धूतपाप म्हणजे ज्याच्यामुळे पाप धुऊन जातं तो. 'धोपेश्वर' हे गावाचं नाव म्हणजे तोच शब्द पिढ्यान्‌पिढ्या बोलून बोलून गुळगुळीत झालेला. देवळाशेजारून वाहते ती मृडानी नदी. 'मृड' म्हणजे कृपाळू. हे शंकराचं नाव. त्याची पत्नी ती मृडानी. पाणिनीनं अष्टाध्यायीत अशा नावांसाठी एक सूत्रच लिहून ठेवलंय: इंद्राची इंद्राणी, वरुणाची वरुणानी, भवाची भवानी, शर्वाची शर्वाणी, रुद्राची रुद्राणी आणि मृडाची मृडानी. यातली भवानी घरोघर पोचली, इंद्राणी आणि शर्वाणीही अधूनमधून भेटतात. मृडानी मात्र क्वचितच कानावर येते. अर्थ गोड, उच्चार सोपा आणि नदी घरची. राजापूरच्या मुलीला याहून वेगळं नाव कुठे मिळणार?

उलट वाचा, सुलट वाचा

कशेळीचं कनकादित्य हे सूर्याचं देऊळ. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा, म्हणजे इसवी सन ११९१ च्या सुमाराचा ताम्रपट कशेळीत सापडलाय, इतकं हे ठिकाण जुनं. आख्यायिका सांगते, की सूर्यमूर्ती घेऊन निघालेलं एक गलबत या किनाऱ्याशी अडलं, एक मूर्ती इथल्या गुहेत ठेवल्यावरच ते पुढे सरकलं आणि गावातल्या कनका नावाच्या स्त्रीला स्वप्नात त्या मूर्तीचा ठाव कळला. कनकेचा आदित्य तो कनकादित्य! देवाच्या नावाआधी भक्तिणीचं नाव लागलं, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

'कनक' म्हणजे सोनं. नावात आणखी एक गंमत आहे: ते उलटं वाचलं तरी कनकच. अशी नावं जमवायचा छंद लहान मुलांना जरूर लावा: नयन, जलज, नलिन, नवीन. जलज आणि नलिन ही दोन्ही कमळाचीच नावं.

सूर्याच्या पेटीतली बारा नावं

सूर्यनमस्कार घालताना आपण बारा नावं घेतो: मित्र, रवी, सूर्य, भानू, खग, पूषा, हिरण्यगर्भ, मरीची, आदित्य, सविता, अर्क आणि भास्कर. यातली रवी, भास्कर, आदित्य गावोगाव आहेत. मरीची, पूषा, अर्क मात्र पाळण्याची वाट बघत बसलेत. मरीची म्हणजे किरण, पूषा म्हणजे पोसणारा, आणि खग म्हणजे आकाशात फिरणारा.

यातलं 'सविता' हे नाव बघा. वेदांतला सविता हा पुरुष देव; गायत्री मंत्रात प्रार्थना आहे ती त्याची. पण शेवटच्या 'आ'कारामुळे मराठीत ते मुलीचं नाव झालं आणि घट्ट रुजलं. 'मिहीर' हे नावही सूर्याचंच, पण ते आलं इराणातून. तिथल्या मिथ्र देवतेच्या नावाचं पुढचं रूप 'मिह्र', आणि तेच संस्कृतात मिहिर झालं. सहाव्या शतकातले ज्योतिर्विद वराहमिहिर यांच्या नावात ते कायमचं बसलंय.

मनूचं न ऐकलेले मराठी लोक

राजापूरची गंगा साधारण तीन वर्षांनी येते, काही दिवस राहते आणि निघून जाते. उन्हाळे गावाजवळच्या त्या माळावर चौदा कुंडं आहेत. गंगा 'आली' म्हटलं, की एसटी भरभरून माणसं तिथे स्नानाला लोटतात. अशा मुलखात मुलीचं नाव गंगा ठेवणं ही पिढ्यांची रीत.

आता हे ऐका. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितलंय, की जिचं नाव नक्षत्र, झाड, नदी, पर्वत किंवा पक्षी यांच्यावरून ठेवलंय, अशा मुलीशी लग्न करू नये! महाराष्ट्रानं हा नियम कधी कानाआड केला कोण जाणे. रोहिणी, रेवती, तुळसा, केतकी, गंगा, गोदावरी, कृष्णा, मैना अशा मुलींची लग्नं थाटात झाली आणि त्यांच्या नातींची बारशीही त्याच थाटात झाली.

चिपळूणची नदी आणि सातवाहन राजा

चिपळूणची वाशिष्ठी म्हणजे वसिष्ठ गोत्रातली स्त्री. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहन राजांच्या नावात हेच नाव आढळतं: वासिष्ठीपुत्र पुळुमावी. त्याचे वडील होते गौतमीपुत्र सातकर्णी. त्यांची आई गौतमी बलश्री, आणि तिचा लेख नाशिकच्या लेण्यात आजही दगडावर कोरलेला आहे. राजे असून ते आपली ओळख आईच्या नावानं सांगत.

आणि आज? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या सरकारी कागदावर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र सरकारनं लागू केलाय. सातवाहनांची पद्धत नव्या रूपात परत आली, आणि ती फार आधी यायला हवी होती.

शेजारच्या लांजे तालुक्यातून येते ती मुचकुंदी नदी. माचाळच्या डोंगरात मुचकुंद ऋषींची गुहा दाखवतात. पुराणातला मुचकुंद युगानुयुगं झोपलेला, आणि त्याच्या नुसत्या नजरेनं कालयवन भस्म झाला. मुचकुंद नावाचं एक फुलझाडही आहे, सुवासिक फुलांचं. मुलासाठी मुचकुंद, मुलीसाठी मुचकुंदा. दोन्हीत दम आहे.

१०८ अक्षरं आणि तीन अडचणी

भटजी पंचांग उघडून 'बाळाचं अक्षर अमुक' असं सांगतात, त्यामागचं गणित सोपं आहे. नक्षत्रं सत्तावीस, प्रत्येकाचे चरण चार. सत्तावीस चोक एकशे आठ! प्रत्येक चरणाला एक अक्षर. अश्विनीला चू, चे, चो, ला. स्वातीला रू, रे, रो, ता.

पण काही बाळांची पंचाईत होते. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला येतो 'ङ', हस्ताच्या तिसऱ्याला 'ण' आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला 'ञ'. या अक्षरांनी सुरू होणारं नाव आणायचं कुठून? जुन्या ज्योतिष्यांनी त्यावरही तोड काढून ठेवलीय: ङ च्या जागी ग, ञ च्या जागी ज आणि ण च्या जागी ड घ्यावा. त्यामुळे हस्तावरच्या एखाद्या बाळाचं जन्मनाव 'ड' वरून निघालं, तर दचकू नका.

मुलाला सम, मुलीला विषम

गृह्यसूत्रांत नावाच्या अक्षरांची मोजणीही सांगितलीय. मुलाच्या नावात अक्षरं सम असावीत, मुलीच्या नावात विषम. आश्वलायन तर पुढे जाऊन सांगतो, की मुलाला प्रतिष्ठा हवी असेल तर दोन अक्षरांचं नाव ठेवावं आणि ज्ञानाचं तेज हवं असेल तर चार अक्षरांचं. राम, भीम, कर्ण दोन अक्षरी. विश्वामित्र, युधिष्ठिर चार अक्षरी. मुलींच्या बाजूला सुमती, यमुना, रेवती तीन अक्षरी. वरची अर्जुना आणि मृडानीही या कसोटीला उतरतात. सीता आणि गंगा उतरत नाहीत, पण त्यांच्या थोरवीला त्यामुळे काही कमी पडलेलं नाही.

तरणा पाऊस, म्हातारा पाऊस

कोकणातला शेतकरी पाऊस नक्षत्रांवर मोजतो. मृगात पेरणी, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. पुनर्वसूच्या पावसाला म्हणतात तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. या यादीत नावांचा खजिना आहे. 'पुनर्वसू' म्हणजे पुन्हा संपन्नता घेऊन येणारा. 'आर्द्रा' म्हणजे ओली. मायेनं भिजलेली असाही अर्थ लावता येतो. 'पुष्य' म्हणजे पोसणारं, भरभराट करणारं. भाताच्या लावणीत जन्मलेल्या मुलाला पुनर्वसू म्हणून हाक मारली, तर त्या नावात त्याच्या जन्माचा पाऊस आयुष्यभर राहील.

धोंडो: दगडाचं नाव, डोंगराएवढं काम

घरात मुलं जगत नसली की पूर्वी नव्या बाळाला मुद्दाम हलकं नाव देत. धोंडू, दगडू, केरबा, कचरू, भिकू. दृष्ट लावणाऱ्याला ते मूल मोलाचं वाटू नये, मृत्यूनंही त्याच्याकडे बघू नये, ही त्यामागची आईची धडपड. अधिक मासाला आपण धोंड्याचा महिना म्हणतो. त्या महिन्यात जन्मलेल्यांनाही धोंडू म्हणत, नाहीतर पुरुषोत्तम. कारण अधिक मासाचं दुसरं नाव पुरुषोत्तम मास. १८५७ च्या उठावातल्या नानासाहेब पेशव्यांचं नाव धोंडोपंत. आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवलीत १८५८ साली जन्मलेले धोंडो केशव कर्वे! स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं आणि वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये भारतरत्न झाले. नावाला हलकं म्हणणाऱ्यांना याहून मोठं उत्तर कोणतं?

पण याच रीतीचा एक भाग दुखरा आहे. मुलीपाठोपाठ मुलगी झाली की तिचं नाव 'नकुशी' ठेवत. धोंडूच्या नावामागे मूल जगावं ही तळमळ होती. नकुशीच्या नावामागे मूल नको हा धिक्कार होता. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात कार्यक्रम करून २८५ नकुशींना नवी नावं दिली गेली. बारशाच्या दिवशी जे मिळायला हवं होतं, ते त्यांना इतक्या वर्षांनी मिळालं. नाव ही मुलाला मिळणारी पहिली भेट आहे. ती प्रेमानंच द्यायची असते.

दोन यमुना, दोन आनंदी, दोन मणिकर्णिका

लग्नानंतर तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायची रीत. त्या तांदळाखाली किती माहेरची नावं झाकली गेली! पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक, १८८६ साली अमेरिकेतून पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई, पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ, त्याही माहेरच्या यमुनाच. महर्षी कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाईही आनंदीबाई झाल्या. म्हणजे आनंदीही दोन.

झाशीच्या राणी लक्ष्मीबाई माहेरच्या मणिकर्णिका तांबे. त्यांच्या सासरचे नेवाळकर मूळचे आपल्या शेजारच्या लांजे तालुक्यातल्या कोट गावचे. आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक? त्या माहेरच्या मनकर्णिका गोखले, आणि त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. दोन मणिकर्णिका आणि दोन्ही कोकणच्या सुना होऊन लक्ष्मीबाई झाल्या! मणिकर्णिका म्हणजे रत्नाचं कानातलं. काशीच्या घाटाचंही हेच नाव. लेकीसाठी जुनं, भारदस्त आणि तरीही दुर्मीळ नाव हवं असेल, तर हे घ्या.

पाळण्यातलं वेगळं, जगातलं वेगळं

लता मंगेशकर १९२९ मध्ये जन्मल्या तेव्हा नाव ठेवलं होतं हेमा. 'भावबंधन' नाटकातल्या लतिका या पात्रावरून त्या लता झाल्या. कुसुमाग्रजांचं पाळण्यातलं नाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले, आणि बहीण कुसुम हिचा अग्रज, म्हणजे थोरला भाऊ, म्हणून कुसुमाग्रज. मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले वडिलांच्या नावानं केशवसुत झाले. लोकमान्यांचं पाळण्यातलं नाव केशव. 'बाळ' ही घरातली लाडाची हाक, आणि देशानं तीच उचलली. बहिणीचं, वडिलांचं, लाडाचं, कुठलंही नाव असो. ते मोठं झालं ते माणसांच्या कामानं.

पीराच्या नावाचे राजे

मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराला नवस केला, आणि झालेल्या मुलांची नावं ठेवली शहाजी आणि शरीफजी. शहाजीराजांच्या मुलाचं नाव पडलं शिवनेरीच्या शिवाई देवीवरून, असं परंपरा सांगते. वडिलांच्या नावात पीर आणि मुलाच्या नावात देवी, असा हा आपला मराठी मुलूख. जुन्या मराठी नावांतल्या हैबतराव, हिंमतराव, दौलतराव यांतले हैबत, हिंमत, दौलत हे शब्दही अरबीतून फारसीच्या वाटेनं आलेले. हैबत म्हणजे जरब, दरारा.

मिलिंद: भुंगा की ग्रीक राजा?

दोन्ही! संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा. पण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात वायव्येकडे मिनँडर नावाचा ग्रीक राजा राज्य करत होता. भिक्षू नागसेनाशी त्यानं केलेली प्रश्नोत्तरं 'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथात आहेत, आणि त्यातला मिलिंद म्हणजे हाच मिनँडर. डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला उभारलेल्या महाविद्यालयाला हेच नाव दिलं: प्रश्न विचारणाऱ्या राजाचं. डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घरोघर राहुल, सिद्धार्थ, सुजाता, संघमित्रा, यशोधरा, मिलिंद अशी नावं आली. एका पिढीत नावं बदलली आणि त्या नावांबरोबर माणसं ताठ मानेनं उभी राहिली. महाराष्ट्राच्या इतिहासातलं हे सर्वांत देखणं बारसं.

रेहान आणि वृंदा: एकाच कुळातली

राजापूरच्या कोकणी मुसलमान घरांत सातव्या दिवशी अकीका होतो. तिथे आवडीनं ठेवलं जाणारं 'रेहान' हे नाव अरबी, आणि अर्थ सुवासिक वनस्पती, विशेषतः आपण जिला सब्जा म्हणतो ती. सब्जा तुळशीच्याच कुळातला. इकडे खळ्यातल्या वृंदावनातली तुळस म्हणजे वृंदा. इंग्रजीत सब्ज्याला 'बेसिल' म्हणतात. तेही पुरुषाचं नाव आहे आणि त्याचं मूळ राजा या अर्थाच्या ग्रीक शब्दात. रेहान, वृंदा आणि बेसिल. तीन धर्मांतली तीन नावं आणि सुगंध एका घराण्याचा.

एका गवताचे दोन भाऊ

गावाकडे जुळ्यांची जोडी लहू-अंकुश या नावानं भेटते, मुळातले लव-कुश. वाल्मीकी रामायण सांगतं, की जन्मल्यावर एका बाळाला दर्भाच्या शेंड्याकडच्या भागानं पुसलं, तो कुश. दुसऱ्याला खालच्या भागानं, म्हणजे 'लवा'नं पुसलं, तो लव. दोघांची नावं एकाच गवताच्या जुडीतली.

भावंडांच्या नावांचा जिना

आळंदीच्या चार भावंडांची नावं वयाच्या क्रमानं म्हणून बघा: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आधी विरक्ती, मग ज्ञान, मग पायऱ्या आणि शेवटी मुक्ती. यातलं 'सोपान' म्हणजेच जिना. आणि संत नामदेवांच्या चार मुलांची नावं? नारा, विठा, गोंदा, महादा. एका तालात हाक मारावी अशी, घरचं भजनी मंडळच! भावंडांची नावं एकमेकांना साजेशी ठेवायची हौस आपल्याकडे सातशे वर्षं जुनी आहे.

वाराचं नाव: पालघर ते घाना

पालघर-ठाण्याच्या आदिवासी पाड्यांवर वारावरून नाव ठेवायची पद्धत आहे: सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशातही अकान लोक अगदी हेच करतात. शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे एके काळचे सरचिटणीस कोफी अन्नान शुक्रवारचे. म्हणजे आपल्या पाड्यावरच्या भाषेत शुक्र्याच!

एका नावात तीन क्रिकेटवीर

सुनील गावसकरांनी मुलाचं नाव ठेवलं रोहन जयविश्व. रोहन हे वेस्ट इंडीजच्या रोहन कन्हायवरून, जय हे एम. एल. जयसिंहांवरून आणि विश्व हे गुंडाप्पा विश्वनाथांवरून. रमेश तेंडुलकरांनी संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून धाकट्या मुलाचं नाव सचिन ठेवलं. त्या नावानं पुढे काय केलं, हे सांगायला नको. आपल्या आवडत्या माणसाचं नाव मुलाला देणं, ही कृतज्ञतेची सर्वांत टिकाऊ रीत आहे.

मायरा, कियारा, इरा

आता आजच्या यादीकडे. 'मायरा' हे नाव सोळाव्या शतकातल्या फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीनं आपल्या कवितांसाठी घडवलं. 'कियारा' हे इटालियन. अर्थ स्वच्छ, तेजस्वी. 'इरा' संस्कृतात वाणी, पृथ्वी, अन्न-पाणी अशा अर्थांनी येतं, तर हिब्रूत तेच नाव पुरुषाचं आहे आणि त्याचा अर्थ जागरूक. परभाषेतून आलेलं नाव परकं राहत नाही. मिहीर आणि मिलिंद आपलेच झाले ना? फक्त ते आलं कुठून, हे ठेवणाऱ्याला ठाऊक असावं.

नाव ठरलं? मग एवढं कराच

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. गावात ग्रामपंचायतीत, राजापूर शहरात नगरपरिषदेत. नाव तेव्हा ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका. नाव नंतर घालता येतं: बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यापुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे घाईनं मिळेल ते नाव चिकटवायची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा आहे. शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे तोच लागणार. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ आणि इंग्रजी स्पेलिंग दाखला हातात पडताक्षणी तपासा.

आणि नाव पक्कं करण्याआधी तीन गोष्टी करून बघा. ते आईच्या, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट मोठ्यानं म्हणा. खळ्यातून परसापर्यंत हाक मारून बघा. तीन-चार अक्षरांपलीकडचं नाव हाकेत आपोआप तुटतं. आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, की आपल्या घरात पूर्वी कोणती नावं होती. पणजी, खापरपणजी, त्यांची माहेरची नावं, लग्नात तांदळाखाली गेलेली नावं. यातलं एखादं नाव असं निघेल, की जगातल्या कुठल्याही यादीत ते नसेल.

ते नाव कुणी सुचवलं, त्याचा अर्थ काय आणि ते का निवडलं, हे बाळाच्या दाखल्यासोबत एका कागदावर लिहून ठेवा. दहा वर्षांनी मूल विचारणारच आहे. तेव्हा त्याला सांगायला तुमच्याजवळ स्वतःची गोष्ट हवी.